माजी सैनिक आणि एआरटी: दोन दवाखाने, एक फाइल

एचआयव्हीच्या गोळ्या सिव्हिल हॉस्पिटलच्या एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) केंद्रातून आणि बीपी-शुगरच्या ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून, असं सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक माजी सैनिकांचं चालतं. पॉलिक्लिनिकच्या बाकावर शेजारी आपल्याच पलटणीतला माणूस बसलेला असतो, म्हणून तिथे एचआयव्हीचा विषयच निघत नाही. बाकावर काही सांगू नका. डॉक्टरांना मात्र केबिनचं दार लावून एवढं सांगाच: "मी रोज टीएलडी घेतो."

कारण टीएलडी या एचआयव्हीच्या औषधाच्या एका गोळीत टेनोफोविर 300, लॅमिवुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम असतं. डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून मेटफॉर्मिन सहसा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घ्यायची असेल, तर टीएलडी तिच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हेच अंतर लागू आहे. जेवणासोबत मात्र त्या टीएलडीबरोबर चालतात. टीबीचं रिफॅम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविरचा 50 मिलिग्रॅमचा आणखी एक डोस 12 तासांनी लागतो. तो एआरटी केंद्राकडूनच ठरवून घ्या. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गुडघेदुखीच्या गोळ्यांकडे. टेनोफोविर चालू असताना डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज घेतली, तर मूत्रपिंडावर दुहेरी ताण येतो. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट दोन्हीकडे दाखवा.

फाइलमध्ये एआरटी पुस्तिकेची झेरॉक्स, शेवटचा व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती आहे त्याची तपासणी), क्रिएटिनिन आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी ठेवा. व्हायरल लोड सुरुवातीला 6 आणि 12 महिन्यांनी, मग वर्षातून एकदा होतो. तो 1000 च्या वर गेला, तर आधी चुकलेल्या डोसांचा हिशेब समुपदेशकाला खरा सांगा. लपवलंत तर चालणारी गोळी उगाच बदलली जाईल.

डोस का चुकतात? टीएलडीच्या आधीच्या टीएलई या गोळीतलं एफाविरेन्झ रात्री झोपताना घ्यायचं असे, म्हणून अनेकांना रात्रीचीच सवय आहे. वॉचमनची नाइट ड्यूटी किंवा कॅन्टीनची रम आली की ती गोळी राहते. टीएलडी कोणत्याही वेळी चालते. सकाळच्या चहाबरोबर घ्या. विसरलात तर आठवेल तेव्हा घ्या, पण पुढच्या डोसला 4 तासही उरले नसतील तर चुकलेला डोस सोडा. दोन एकदम नकोत.

बाटलीत 30 गोळ्या असतात. 7 उरल्या की केंद्रात जा. केंद्र लांब पडत असेल, तर तब्येत स्थिरावल्यावर जवळच्या लिंक एआरटी केंद्राची (मुख्य केंद्राला जोडलेल्या, गोळ्या देणाऱ्या केंद्राची) मागणी करा. मुलाकडे पुण्या-मुंबईला कायमचं राहायला जाताना आधी ट्रान्सफरचे कागद घ्या. कागद नसले की नव्या केंद्रात नोंदणी अडते आणि मधले दिवस गोळ्यांविना जातात.

10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने तुमची माहिती गोपनीय ठेवण्याची जबाबदारी दवाखान्यावर टाकली आहे. फाइलवर मोठ्या अक्षरात आजार लिहिला किंवा उपचार नाकारले, तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. शंकांसाठी 1097 हा फोन मोफत आहे. पत्नीचीही तपासणी करून घ्या.