जमिनीखालची इंधन टाकी गळते का, हे कसे तपासावे

सुरुवात साठ्याच्या वहीपासून करा. सकाळचा साठा, त्यात आलेला माल, त्यातून वजा विक्री: हा हिशेब आणि प्रत्यक्ष डिप (टाकीत मापाची काठी बुडवून मोजलेला साठा) यांतली रोजची तफावत महिनाभर एकाखाली एक लिहा. विक्री बंद असतानाही तूट येत असेल तर संशय टाकीवर. विक्रीबरोबर तूट वाढत असेल तर दाबाखालची लाइन (टाकीतून विक्रीच्या पंपाकडे जाणारा पाइप) किंवा चुकलेले मीटर. मीटर आधी प्रमाणित मापाने तपासा, खोदकामापेक्षा ते कितीतरी सोपे.

टाकीच्या चाचणीत सर्वांत जास्त फसवते ते तापमान. पेट्रोल एका अंश सेल्सिअसने थंडावले की हजार लिटरमागे सुमारे एक लिटर आकसते. डिझेल थोडे कमी. म्हणजे १०,००० लिटर पेट्रोलमध्ये अर्ध्या अंशाने पाच लिटरची खोटी तूट दिसते. काटेकोर चाचणीत शोधायची गळती मात्र ताशी ०.३८ लिटर इतकी बारीक असते. म्हणून टँकर रिकामा झाल्यावर लगेच चाचणी लावू नका. माल वेगवेगळ्या तापमानाच्या थरांत असतो, वजनाने टाकीची टोके हळूहळू फुगत असतात. उपकरणाच्या पुस्तिकेत सांगितलेले तास पूर्ण थांबा, विक्री आणि झडपा बंद ठेवा, आणि वर, मध्ये, तळाशी असे तीन ठिकाणी तापमान नोंदवत राहा.

डिप रॉडच्या टोकाला वॉटर फाइंडिंग पेस्ट (पाणी लागले की रंग बदलणारी) लावून तळाचे पाणी चाचणीआधी आणि नंतर मोजा. भूजल टाकीच्या तळाच्या वर असेल तर बाहेरचा दाब गळती दाबून धरतो, आणि भोक असलेली टाकीही उत्तीर्ण होते. चाचणीनंतर तळाचे पाणी वाढलेले दिसले तर टाकी गळते आहे. पातळी मोजणारी चाचणी फक्त द्रवाखालचा भाग तपासते. वरच्या रिकाम्या भागासाठी वेगळी चाचणी लागते. तिथे कॉम्प्रेसरची हवा कधीही भरू नका. आत इंधनाची वाफ असते, स्फोट होऊ शकतो.

लाइनसाठी डिस्पेन्सरखालची (गाडीत इंधन भरणाऱ्या यंत्राखालची) झडप आणि टाकीकडचे टोक बंद करा, हवा पूर्ण काढा, मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या. अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दाब टिकवते आणि गळती लपवते. दाब उतरला तरी एका वाचनावर निकाल देऊ नका. पुन्हा पूर्ववत दाब देऊन वाचन घ्या: घट दर वेळी कमी होत गेली तर लाइन थंडावते आहे, तेवढीच राहिली तर गळती आहे.

सम्पची (पाइप आणि जोड सामावणाऱ्या, गळती अडवणाऱ्या जमिनीखालच्या कुंडीची) चाचणी साधी. सर्वांत वरच्या पाइपच्या शिरकावाच्या दहा सेंटिमीटर वर पाणी भरा, तासभर थांबा. पातळी तीन मिलिमीटर किंवा जास्त उतरली तर सम्प नापास. बहुधा पाइपभोवतीचे रबरी सील (बूट) फाटलेले निघते. तपासलेल्या पाण्यात इंधन मिसळलेले असते, ते गटारात सोडू नका.

टाकी किंवा लाइन नापास ठरली तर त्या यंत्रणेतून विक्री थांबवा आणि दुरुस्तीनंतर पूर्ण चाचणी पुन्हा करा.