बिल्डरने स्वतःलाच दिलेला भाडेपट्टा रद्द करताना

अमेरिकेत भाड्याच्या इमारतीची को-ऑप (सहकारी गृहसंस्था) करताना बिल्डर कधीकधी संस्थेचा ताबा सोडण्याआधी गॅरेज, लाँड्री, दुकानांचे गाळे आपल्याच कंपनीला वर्षानुवर्षांसाठी कवडीमोलाने देऊन ठेवतो. 1980 च्या केंद्रीय कायद्याने असा करार दंड न भरता रद्द करता येतो. मात्र तो 8 ऑक्टोबर 1980 नंतरचा, संस्था बिल्डरच्या ताब्यात असताना झालेला, तीन वर्षांहून जास्त मुदतीचा (बिल्डरच्या एकट्याच्या मर्जीने होणारे नूतनीकरण धरून) आणि संस्थेच्या किंवा घरमालकांच्या सोयीच्या मालमत्तेच्या व्यवस्थापन-देखभालीचा हवा. गॅरेज आणि दुकानांचे भाडेपट्टेही यात बसतात, असे न्यूयॉर्कच्या प्रकरणात सेकंड सर्किट या केंद्रीय अपील न्यायालयाने 1987 मध्ये मान्य केले.

घात होतो तो मुदतीत. हातात दोनच वर्षे असतात. बिल्डरचा विशेष ताबा (संस्थेच्या कागदपत्रांनी किंवा कायद्याने मिळालेला कारभाराचा हक्क) संपणे किंवा त्याच्याकडे 25 टक्के वा त्याहून कमी घरे उरणे, यांपैकी जे आधी घडेल तिथून ती मोजायची. म्हणून विक्रीच्या नोंदी आधी काढा.

200 घरांत बिल्डरची 50 उरली, तर करार रद्द करायला उरलेल्या 150 पैकी किमान दोन-तृतीयांश, म्हणजे 100 घरांची मते लागतात. सभेतल्या हजेरीच्या दोन-तृतीयांशाने भागत नाही. ठरावानंतर नोटीस हातपोच द्या किंवा टपालाने पाठवा आणि पुरावा जपा. तिथून 90 दिवसांनी करार संपतो.