देशी की परदेशी : खरेदीपूर्वी काय पाहावे

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या बाजारात वस्तू हातात घेतली, की ती देशी आहे की परदेशी हे आपण बहुधा नावावरून ठरवतो आणि तिथेच चुकतो. बाटा हे नाव मूळचे आजच्या चेक प्रजासत्ताकातले, तरी त्या कंपनीचा कारखाना कोलकात्याजवळ बाटानगर येथे 1930च्या दशकात उभा राहिला. उलट अस्सल भारतीय नावाचा मिक्सर संपूर्ण तयार होऊन बाहेरून आलेला असू शकतो. म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत.

आयात केलेल्या पॅकबंद वस्तूवर मूळ देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे, आणि ऑनलाइन विक्रीतही मूळ देश दाखवावाच लागतो. उत्पादक कोण आणि केवळ विक्री करणारी कंपनी कोणती, हे वेगवेगळे पाहावे, कारण पुण्या-मुंबईचा पत्ता पुष्कळदा विक्री करणाऱ्या कंपनीचाच असतो. बारकोड 890 या अंकांनी सुरू झाला म्हणजे वस्तू भारतात बनली, हा समज चुकीचा आहे. कंपनीने तो क्रमांक भारतातील संस्थेकडून घेतला, एवढेच त्यातून कळते. आयएसआय चिन्हही देशीपणाचा पुरावा नव्हे, कारण भारतीय मानक ब्यूरो (बीआयएस) परदेशी कारखान्यांनाही परवाना देतो. ते चिन्ह गुणवत्तेसाठी पाहावे आणि त्यासोबतचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे परवाना क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर तपासावा. मुलांच्या खेळण्यांवर तर आयएसआय चिन्ह 2021पासून सक्तीचे आहे.

काही वस्तूंत उत्तर सरळ मिळत नाही. जळगावच्या दालमिलमध्ये तयार झालेल्या डाळीची तूर म्यानमार किंवा मोझांबिकमधून आलेली असू शकते. तरीही भरडाईची मजुरी इथल्याच हातांना मिळते, हे मला महत्त्वाचे वाटते.

मात्र सर्वाधिक विचार करावा तो यंत्रांचा. आम्ही एकदा वजनाला हलका, दिसायला देखणा असा आयात केलेला पाणबुडी पंप घेतला होता. ऐन मे महिन्यात, केळीला रोज पाणी लागत असताना, त्याची मोटर जळाली; तालुक्याच्या कारागिराने ती उघडली, पण त्या मापाचे बुश आणि बेअरिंग जिल्ह्यात कुठेही मिळाले नाहीत आणि उभी बाग डोळ्यांदेखत माना टाकू लागली. तेव्हापासून पंप, ठिबकच्या नळ्या किंवा कुकर घेताना मी आधी दुरुस्ती करणाऱ्याला विचारतो आणि मग दुकानात जातो. सुटा भाग चोवीस तासांत मिळेल का, जळालेल्या मोटरीचे रिवाइंडिंग, म्हणजे तारा नव्याने गुंडाळणे, गावातच होईल का, या प्रश्नांना होकार मिळत असेल आणि दर्जा बरोबरीचा असेल, तर थोडे अधिक पैसे मोजूनही देशी वस्तूच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. 1936 साली जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले होते. त्या भूमीत राहणाऱ्यांनी जवळच्या कारागिराचा विचार आधी करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. औषधोपचाराची किंवा मोजमापाची काही उपकरणे मात्र बाहेरचीच सरस असतात, आणि ती घेण्यात कमीपणा मानू नये.

वस्तू कुठलीही असो, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख तिथेच घालून घ्यावी. मूळ देश खोटा छापलेला आढळला, तर वेष्टन फेकून न देता त्याचे छायाचित्र काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.