गोचीड-ताप: कुत्र्याच्या रक्तात आणि घराच्या भेगांत

कुत्रा जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतो, हाक मारली तर नुसती शेपूट हलवतो. महाराष्ट्रात अशा वेळी पहिली शंका गोचीड-तापाची घ्यावी, अंगावर एकही गोचीड दिसत नसला तरी. चाव्यानंतर लक्षणं दिसायला साधारण १ ते ३ आठवडे जातात. तोवर रक्त पिऊन फुगलेली मादी केव्हाच गळून पडलेली असते.

घरच्या घरी दोन गोष्टी तपासता येतात. पहिली ताप. नाक गरम आहे की कोरडं, यावरून काहीच कळत नाही. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावून ते गुदद्वारात साधारण २ सेंटिमीटर सरकवा आणि बीप होईपर्यंत धरून ठेवा. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे माणसाच्या हिशेबानं तो कायम तापलेलाच. १०३च्या वर गेलं तर तो ताप. दुसरी गोष्ट हिरड्या. ओठ वर करून पाहा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या, नाकातून रक्त आलं, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले किंवा लघवी कॉफीसारखी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

दवाखान्यात पोचेपर्यंत माणसांची तापाची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

गोचीड-ताप हे एका आजाराचं नाव नाही, आणि उपचार फसण्याचं मोठं कारण हेच आहे. तपकिरी गोचीड अर्लिकिया नावाचे जिवाणू सोडतो, तसेच बबेसिया हे तांबड्या पेशी फोडणारे परजीवीही. कधीकधी दोन्ही एकदम. अर्लिकियावर चालणारं डॉक्सीसायक्लिन बबेसिया संपवत नाही. म्हणून रक्ताची संपूर्ण तपासणी तर हवीच, पण काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही सांगा. पट्टीवर परजीवी दिसतीलच असं नाही. शंका उरली तर पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, करावी. झटपट किटची चाचणी शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधते. आजाराच्या पहिल्या दिवसांत ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. नुसत्या त्या एका रेघेवर औषध सुरूही करू नये, थांबवूही नये.

प्लेटलेट साधारण २ ते ५ लाख असाव्यात. त्या ५० हजारांच्या खाली गेल्या की उड्या, दंगामस्ती, ओढाताण सगळं बंद. पपईच्या पानांचा रस पाजण्यात दिवस घालवू नका. त्यानं जिवाणू मरत नाहीत.

अर्लिकियासाठी डॉक्सीसायक्लिनचा नेहमीचा डोस दिवसाला प्रतिकिलो १० मिलिग्रॅम, २८ दिवस. २० किलोच्या कुत्र्याला रोज २०० मिलिग्रॅम. हा हिशेब चिठ्ठी पडताळण्यापुरता, डोस डॉक्टरच ठरवतील. गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटी होते. दूध-दह्याबरोबर दिली तर नीट शोषली जात नाही. जेवणासोबत द्या आणि वर पाणी पाजा, कारण अन्ननलिकेत अडकलेली गोळी तिथे जखम करते. बहुतेक कुत्रे एक-दोन दिवसांत खायला लागतात, आणि नेमकी इथेच औषध सोडून देण्याची चूक होते. वाचलेले जिवाणू प्लीहेत दडून राहतात. पुढे अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणं कमी करते, आणि त्या टप्प्यातून कुत्र्याला परत आणणं फार अवघड असतं. जर्मन शेफर्डमध्ये हा टप्पा विशेष वाईट असतो. उलट, दोन-तीन दिवसांत काहीच फरक दिसला नाही, तर बबेसियाची शंका घेऊन परत जा. त्याची औषधं वेगळी आहेत, त्यांतली काही महाग आहेत, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची आहेत.

गोचीड काढताना

फिरून आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि शेपटीच्या मुळाशी हात फिरवा. रोज. चिकटल्यापासून काही तासांतच संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे रविवारच्या आंघोळीपर्यंत थांबणं परवडत नाही. हातमोजे घाला, बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड कातडीच्या अगदी लगत पकडा आणि न पिळता सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी यांतलं काही नको. त्यानं गोचीड चटकन सुटत नाही, शिवाय लाळ आत सोडण्याचा धोका वाढतो. नखानं चिरडू नका, स्पिरिटमध्ये बुडवा. हेच गोचीड माणसालाही चावतात आणि त्यातून पुरळाचा ताप येऊ शकतो.

घरातले गोचीड

हा गोचीड गवतावर अवलंबून नाही. फ्लॅटमध्येही त्याचा संसार सुखेनैव चालतो. पोट भरलेली मादी भिंतीवर चढून भेगेत हजारो अंडी घालते, आणि बाहेर पडलेली पिल्लं उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतात. कुत्रा स्वच्छ केला, तरी पंधरवड्यात पुन्हा गोचीड दिसतात, ते इथूनच आलेले असतात. भिंतीच्या आणि चौकटीच्या भेगा सिमेंटनं बुजवा. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. सोफ्याच्या शिवणी, पलंगाखालची जागा व्हॅक्यूमनं ओढून घ्या आणि पिशवी लगेच बाहेर टाका. पेस्ट कंट्रोल केलं, तर फवारा पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांना दूर ठेवा. हे किमान तीन महिने चालू हवं.

त्याच काळात कुत्र्यावरचं औषध एकदाही चुकवायचं नाही. मानेवर टाकायचे थेंब केसांवर पडले तर वाया जातात. केस बाजूला करून कातडीवर सोडा, आणि आधी व नंतर दोन दिवस आंघोळ नको. खायच्या गोळ्या, मग त्या महिन्याच्या असोत वा तीन महिन्यांच्या, रक्तातून काम करतात. गोचीड चावल्यावरच मरतो, म्हणून अंगावर मेलेले गोचीड दिसले तर औषध फसलं असं समजू नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल, तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना ते सांगाच.

घरात मांजर असेल तर कुत्र्याच्या औषधाचा थेंबही तिला लावू नका. अशा काही औषधांत असलेलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं आहे. कुत्र्याला ते लावलं असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. मांजर थरथरू लागली, झटके आले, तर लगेच दवाखान्यात न्या. औषध नुकतंच लागलं असेल आणि मांजर शुद्धीत, शांत असेल तरच आधी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडनं धुऊन घ्या, आणि औषधाचं रिकामं पाकीट सोबत न्या.