ड्रॉइंग टेबलवरून कॉमिक्स पब्लिशरच्या खुर्चीत: जायचं असेल तर आधी हे वाचा

कॉमिक्स काढणारी नवीन मुलंमुली भेटली की हमखास विचारतात, पुढे एडिटर-इन-चीफ किंवा क्रिएटिव्ह हेड व्हायचं असेल तर काय करायचं, आणि बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की काम जबरदस्त केलं, नाव झालं, की कंपनी एक दिवस आपणहून वर बोलावते. मी आधी पेन्सिलर (पेजवर पेन्सिलने मूळ चित्र काढणारी) होते, मग असिस्टंट एडिटर झाले, आता आर्ट आणि शेड्यूल दोन्ही बघते. मला जे दिसलंय त्यावरून सांगते, टेबलवरून उठून थेट केबिनमध्ये गेलेलं माणूस फार सापडत नाही. मध्ये एक पायरी असते, ती म्हणजे काहीतरी छोटं स्वतः चालवून दाखवणं.

अमेरिकन आर्टिस्ट जिम लीचं उदाहरण घ्या. त्याने मार्व्हल कंपनीसाठी काढलेल्या 1991 च्या एक्स-मेनच्या पहिल्या अंकाच्या 80 लाखांहून जास्त प्रती छापल्या-विकल्या गेल्या, ते सगळ्यांना पाठ आहे. पण 1992 मध्ये तो आणि आणखी सहा आर्टिस्ट मिळून इमेज कॉमिक्स काढतात, त्यात त्याचा स्वतःचा वाइल्डस्टॉर्म स्टुडिओ उभा राहतो, तिथे तो नवीन आर्टिस्ट घेतो, त्यांच्याकडून काम करून घेतो, पैशाचा हिशोब बघतो, आणि मग हा सगळा सेटअप डीसी ही मार्व्हलच्या तोडीची मोठी कॉमिक्स कंपनी विकत घेते. 2010 मध्ये तो डॅन डिडिओबरोबर डीसीचा को-पब्लिशर झाला, 2018 मध्ये चीफ क्रिएटिव्ह ऑफिसर आणि 2023 मध्ये प्रेसिडेंटसुद्धा. माझ्या मते ही खुर्ची त्याला 80 लाख प्रतींनी मिळवून दिली नाही, वाइल्डस्टॉर्मच्या वर्षांनी दिली.

आर्टिस्ट जो केसाडाचंही तसंच. मार्व्हलने 1996 च्या शेवटी दिवाळखोरीचा अर्ज केला होता, कंपनीची अवस्था वाईट होती, आणि 1998 मध्ये केसाडा आणि जिमी पामिओटी यांच्या छोट्या कंपनीला मार्व्हल नाइट्स नावाने डेअरडेव्हिल, ब्लॅक पँथर अशी मोजकी टायटल्स (मालिका) चालवायला दिली. ती त्यांनी नीट चालवली, आणि 2000 मध्ये केसाडा अख्ख्या मार्व्हलचा एडिटर-इन-चीफ झाला, पुढे 2011 पर्यंत होता. म्हणजे तुम्हाला कोणी चार टायटल्सची छोटी लाइन, एखादं अँथॉलॉजी (अनेकांच्या कथांचा संग्रह), अगदी नुसतं कव्हर कोऑर्डिनेशन दिलं तरी नाही म्हणू नका. कार्माइन इन्फँटिनो हा फ्लॅश या सुपरहिरोचा आर्टिस्ट, डीसीत साठच्या दशकात त्याच्याकडे आधी कव्हर डिझाइनच आलं, मग एडिटोरियल डिरेक्टर आणि 1971 मध्ये पब्लिशर.

आता खुर्चीत बसल्यावर काम काय असतं, ते सांगते, कारण हे बाहेरून अजिबात दिसत नाही. नव्या कॅरेक्टरच्या भन्नाट आयडिया सुचवणं हा दिवसाचा अगदी लहान भाग. बाकी सगळा वेळ कुणाचं पेज कुठे अडकलंय हे बघण्यात जातो. महिन्याचा अंक साधारण 20 ते 22 पेजेसचा, दिवसाला एक पेज पेन्सिल करणारा आर्टिस्ट चांगलाच वेगवान समजतात, आणि त्याच्यानंतर इंकर (शाईने रेषा पक्क्या करणारा), कलरिस्ट (रंग भरणारा), लेटरर (संवाद लिहिणारा) रांगेत उभे असतात. एक पेज दोन दिवस उशिरा आलं तर तो उशीर पुढच्या तिघांनी रात्री जागून भरायचा असतो. वर अमेरिकेत कॉमिक्सची दुकानं कॅटलॉग बघून दोन-तीन महिने आधी ऑर्डर देतात आणि तो माल बहुतेक वेळा परत करता येत नाही, त्यामुळे जाहीर केलेला अंक वेळेवर आला नाही तर छोट्या दुकानदाराचं महिन्याचं गणित कोलमडतं. हे मनापासून वाटलं पाहिजे, नाहीतर या बाजूला येऊ नका.

आणि इथेच आर्टिस्ट असल्याचा खरा उपयोग होतो. मार्केटिंगवाले म्हणतात चार महिन्यांत मोठा इव्हेंट (अनेक मालिकांत पसरलेली एक मोठी कथा) आणू, स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पेजवर तीस कॅरेक्टर्सची मारामारी असते, तेव्हा अख्ख्या मीटिंगमध्ये तुम्हालाच माहीत असतं की असलं एक पेज तीन दिवस खातं. पण "हे शक्य नाही हो" एवढं बोलून कोणी ऐकत नाही. हा आर्टिस्ट महिन्याला इतकी पेजेस देतो, तिसऱ्या अंकाला फिल-इन (बदली आर्टिस्ट) लागेल, तो आत्ता बुक केला तर खर्च एवढा, शेवटच्या आठवड्यात शोधला तर एवढा, असं आकड्यांत मांडा. स्प्रेडशीट शिका, पेज रेट (एका पेजचे आर्टिस्टला मिळणारे पैसे) आणि छपाईचा खर्च विचारून घ्या, एडिटरच्या बाजूला बसून एक अंक स्क्रिप्टपासून प्रेसपर्यंत जाताना बघा.

दुसऱ्याच्या पेजवर नोट्स (सुधारणेच्या सूचना) देणं हे वेगळं कौशल्य आहे. हात शिवशिवतात, वाटतं मीच काढून देते. देऊ नका. "तिसऱ्या पॅनेलमध्ये बंदूक कोणाच्या हातात आहे ते कळत नाही" ही चांगली नोट, "मी असतो तर लो अँगल घेतला असता" ही नोट नाही.

कॉन्ट्रॅक्टबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. 1938 मध्ये सिगल आणि शुस्टर या दोन पोरांनी स्वतः तयार केलेल्या सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला दिले आणि पुढची कितीतरी वर्षं त्यासाठी भांडत राहिले. वर्क-फॉर-हायर (पैसे घेऊन काम, हक्क कंपनीचे) म्हणजे नेमकं काय, रॉयल्टी कशावर मोजतात, ओरिजिनल आर्ट कोणाकडे राहते, हे आर्टिस्ट असतानाच शिका, कारण उद्या तोच कागद टेबलाच्या पलीकडून तुम्ही पुढे सरकवणार आहात आणि समोरचा वीस वर्षांचा मुलगा न वाचता सही करायला निघालेला असेल. त्याला थांबवून प्रत्येक कलम समजावून सांगा, लागलाच तर एक दिवस जाऊ दे.

शेवटचं, हात चालू ठेवा. इन्फँटिनोला 1976 च्या जानेवारीत जावं लागलं, त्याच्या जागी 28 वर्षांची जेनेट कान आली, जी मुलांच्या मासिकांतून आली होती. तो परत फ्रीलान्स चित्रं काढायला लागला. पॉल लेविट्झ डीसीत ऑफिसचं काम सांभाळत लीजन ऑफ सुपरहिरोज ही मालिका लिहायचा, 2002 मध्ये डीसीचा प्रेसिडेंट आणि पब्लिशर झाला, 2009 मध्ये पद सोडल्यावर पुन्हा लिहायला बसला. खुर्ची कंपनीची असते, कंपनी विकली गेली की वरची माणसं बदलतात. म्हणून पद घेतानाच बोलून ठेवा की वर्षाला काही कव्हर्स मी काढणार, आणि ती नेहमीच्याच शेड्यूलमध्ये, नेहमीच्याच एडिटरच्या हाताखाली. त्या एडिटरला तुमचं कव्हर नापास करायची मोकळीक आहे हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा.