टॅकल शिकवताना डोकं वाचवा

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला मिठी मारून खाली पाडतात, त्याला टॅकल म्हणतात. अमेरिकेत ऑगस्टमध्ये मुलांच्या टॅकल फुटबॉलचा सराव सुरू होतो आणि कोच म्हणून अनेकदा एखाद्या खेळाडूचे आईवडीलच उभे असतात. त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ टॅकलच्या पद्धतीला द्यावा.

मान खाली झुकली की मानेच्या मणक्यांची नैसर्गिक कमान सरळ होते. मग डोक्याला बसलेला धक्का स्नायूंत न विरता थेट मणक्यांवर येतो. म्हणूनच १९७६ साली शालेय आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डोकं पुढे करून धडकायला बंदी आली, आणि मानेच्या गंभीर दुखापती घटल्या.

सुरुवात गुडघ्यांवर बसवून करा. दोन मुलं समोरासमोर, हातभर अंतरावर. टॅकल करणाऱ्याची नजर वर, खांदा समोरच्याच्या बरगड्यांखाली, दोन्ही हातांची घट्ट मिठी. डोकं बाजूलाच राहिलं पाहिजे. हे जमलं की उभं राहून, मग चालत, मग सरावाच्या भरीव बॅगवर, मग निम्म्या वेगाने. पूर्ण वेग सगळ्यांत शेवटी, आणि जोड्या सारख्या वजनाच्याच. धावणारा बाजूने येत असेल तर डोकं त्याच्या पाठीकडे ठेवायला शिकवा. पुढून आडवं घातलं तर त्याचा गुडघा डोक्यात बसतो.

चूक बहुधा शेवटच्या पावलाला होते. मूल डोळे मिटतं, किंवा दमल्यामुळे गुडघ्यांत न वाकता कमरेत वाकतं आणि डोकं खाली जातं. उपाय सोपा आहे: चेंडू घेतलेल्या मुलाच्या मागे उभं राहून बोटं दाखवा, टॅकल करताना आकडा मोठ्याने सांगायला लावा. दमलेल्या मुलांकडून टॅकल करून घेऊच नका. दोघांना लांब उभं करून पूर्ण वेगाने समोरासमोर आदळवणं तर कायमचं बंद करा. मुलांच्या फुटबॉलच्या पॉप वॉर्नर या संघटनेने २०१२ सालीच तीन यार्डांपेक्षा जास्त अंतरावरून असा सराव घ्यायला मनाई केली.

हेल्मेटची कड भुवयांच्या इंचभर वर हवी, गालांचे पॅड टेकलेले हवेत. हेल्मेट धरून हलवलं की कपाळाची कातडीही सोबत हलली पाहिजे. केस कापल्यावर पुन्हा तपासा, कारण ते सैल होतं. चांगलं हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूला बसणारा हादरा मात्र थांबवू शकत नाही.

सरावाचे पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, पुढचे तीन दिवस सोबत खांद्याचे पॅड, सहाव्या दिवसापासून पूर्ण साहित्य. शरीराला उन्हाची सवय व्हायला एवढा वेळ लागतोच. उन्हात मूल बरळू लागलं किंवा कोसळलं तर ९११ ला फोन करा आणि वाट न बघता पॅड काढून त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा. आधी थंड करणं, मग रुग्णालय. टब मैदानावर भरूनच ठेवा.

आदळल्यावर मूल गोंधळलं, डोकं दुखतंय म्हणालं किंवा तोल जाऊ लागला, की त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांची लेखी परवानगी आल्यावरही सहा टप्प्यांत परतायचं, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास. त्रास परतला तर एक टप्पा मागे. वारंवार उलट्या, झटके किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली तर लगेच ९११. मान दुखत असेल किंवा हातपाय बधिर झाले असतील तर मुलाला जागचं हलवू नका आणि हेल्मेटही काढू नका. डोकं आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी धरून ठेवा.