छोटी, कॅरेक्टरवाली वाइड लेन्स घेताय? या चुका टाळा

दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, भैय्या, मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यासाठी छोटी वाइड लेन्स सांगा, जरा जुन्या वळणाची, कॅरेक्टर असलेली, फोटोला स्वतःचा रंगढंग देणारी. मी चार प्रश्न विचारेपर्यंत त्यानं ऑनलाइन कुठली तरी बुक केलेली असते, नि पंधरा दिवसांनी फोन येतो, कोपरे असे कामून यायलेत?

अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणारी कडी) बसला म्हणजे लेन्स चालली, हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. मलाही पडला. रेंजफाइंडर कॅमेऱ्याची (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस लावायचा प्रकार) एक जुनी २१ मिमी लेन्स फुल फ्रेम, म्हणजे फिल्मएवढ्या सेन्सरच्या बॉडीला लावून मी माळेगावच्या यात्रेला गेलो होतो. घोड्यांच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाबांनी बोलावलं, म्हणले लेकरा, आमचा सगळ्यांचा घोड्यासकट एक फोटो काढ. नऊ माणसं, मधी घोडा, सगळ्यांची पांढरी धोतरं नि फेटे. मागच्या छोट्या स्क्रीनवर झकास दिसला, मी बारा बाय अठराची प्रिंट द्यायचा शब्द देऊन आलो. घरी येऊन मोठा करून बघितला तर मधला घोडा एकदम धारदार, नि दोन्ही टोकाची माणसं ओल्या बोटानं पुसल्यासारखी. त्यांची धोतरं गुलाबी. डावीकडच्या टोकाला बाबा स्वतः उभे होते. ती प्रिंट मी दिलीच नाही, पुढच्या वर्षी दुसरी लेन्स घेऊन गेलो, त्यांना शोधलं, परत फोटो काढला नि मग प्रिंट पोचवली. वर्षभर ते मनाला लागून होतं.

झालं काय होतं, तर रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आरसा नसतो, म्हणून त्याच्या बऱ्याच जुन्या वाइड लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या पार जवळ जातं, लेन्स इवलीशी राहते ती त्यामुळंच. पण मग कोपऱ्यातले किरण लई तिरपे पडतात. फिल्मला त्याचं काही नव्हतं. डिजिटल सेन्सरवर मात्र काच असते, सोनीच्या बॉडीत साधारण २ मिमी, लायकाच्या डिजिटल बॉडीत १ मिमीपेक्षाही कमी, नि जाड काचेतून तिरपा किरण गेला की फोकस सरकतो. कडांची गुलाबी झाकही या तिरप्या किरणांचीच. अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेडाचं भोक, एफ ८, एफ ११ इतकं बारीक केलं की थोडं सुधारतं, पूर्ण जात नाही. याला कॅरेक्टर म्हणू नका, कॅरेक्टर म्हणजे त्या लेन्सनं स्वतः दिलेलं काहीतरी, हा तर चुकीच्या बॉडीचा दोष आहे.

व्हॉइग्टलँडरनं १५ मिमी एफ ४.५ ची तिसरी आवृत्ती २०१५ मधी काढली ती डिजिटल सेन्सरचा विचार करून, आधीपेक्षा मोठी नि जड झाली पण कोपरे सुधारले. म्हणून सेकंडहँड घेताना नुसतं नाव नाही, आवृत्ती विचारा. नि तुमच्याच बॉडीवर काढलेला, कोपऱ्यात बारीक काहीतरी असलेला फोटो मागा, मधोमध फूल नि मागं धूसर हिरवळ असले सॅम्पल काही कामाचे नाहीत.

नुसता गुलाबीपणा असेल तर लाइटरूममधलं फ्लॅट फील्ड करेक्शन काम करतं. मी त्यासाठी दुधी प्लास्टिकचं झाकण बॅगेत ठेवतो, फोटोच्या जागीच, त्याच अ‍ॅपर्चरला, लेन्सपुढं धरून एक फ्रेम काढतो. नवीन पोरांना एवढाही दम नसतो, त्यांना प्रीसेट पाहिजे. पुसलेला चेहरा मात्र यानं परत येत नाही.

दुसरी चूक, छोटी म्हणजे किती छोटी ते अडॅप्टर न धरता नुसती लेन्स हातात घेऊन मोजणं. एसएलआरच्या (आरसावाल्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स, म्हणजे निकॉनची २८ मिमी एफ २.८ एआय-एस वगैरे, सेन्सरवर बऱ्याच सरळ किरण टाकतात, कोपरे चांगले येतात, ही तर २० सेंटीमीटरवरून फोकस करते. मला लई आवडते. पण लेन्स जिथं बसते तिथून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफ माउंटचं ४६.५ मिमी नि सोनी ई चं १८, म्हणजे मधी साडेअठ्ठावीस मिमीची नळी आलीच. लायका एम लेन्सला तीच ९.८ मिमी लागते. खिशात मावायला पाहिजे असेल तर हा हिशोब पैसे द्यायच्या आधी करा.

एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी असेल तर २८ ची जवळपास ४२ होते, वाइड राहतच नाही, नि ज्या काळवंडलेल्या कडांसाठी लेन्स घेतली त्याच कापल्या जातात.

स्वस्त अडॅप्टर बऱ्याचदा मुद्दाम किंचित आखूड करतात, त्यामुळं रिंग शेवटपर्यंत फिरवली की फोकस इन्फिनिटीच्या (सगळ्यात लांबच्या गोष्टींच्या) पुढं जातो. देवगिरीवर जाऊन लांबचं सगळं धूसर आणलेले मी किती तरी बघितलेत. मी नवा अडॅप्टर आला की गच्चीवरून लांबच्या टॉवरवर झूम करून फोकस लावतो नि ती खूण पांढऱ्या रंगानं बॅरलवर करतो. आखूड अडॅप्टरवर अंतराचे आकडे बघून फोकस लावू नका.

अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही नि आत उजेड कमी, तिथं एफ ५.६ ची, म्हणजे कमी उजेड आत घेणारी लेन्स सुंदर असली तरी घरी ठेवा.

शटर दाबलं नि काहीच होत नाही? जुनी लेन्स बॉडीला ओळखू येत नाही. लेन्सशिवाय शटर चालू द्यायची सेटिंग मेनूत शोधा. तिथंच स्टॅबिलायझेशनला (हाताचा कंप सावरणाऱ्या सोयीला) लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तो मिमीचा आकडा, हातानं भरा, आधीच्या लेन्सची राहिली तर उलट फोटो हलतो.

बुरशी बघायला मोबाइलचा टॉर्च मागून तिरपा मारा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर विकणारा साफ करून देतो म्हणला तरी परत करा, भिंगावरचं कोटिंग बुरशीनं खाल्लेलं असलं तर ते साफ होत नाही.